फ्रिजमधल्या सहा बाटल्या

वाचकाचं पत्र

नमस्कार,

माझे वडील ६९ वर्षांचे, मधुमेह जुना. चार महिन्यांपूर्वी आतड्याला छिद्र पडून त्यांचं तातडीचं ऑपरेशन झालं. पाठोपाठ न्यूमोनिया, मग व्हेंटिलेटर. बाराव्या दिवशी ताप १०३, बीपी औषधांवर टिकवलेलं. श्वासनलिकेतल्या स्रावाच्या कल्चरमध्ये 'असिनेटोबॅक्टर' नावाचा जिवाणू निघाला. रिपोर्टवर खाली खाली नुसती 'आर'ची (औषध चालत नाही) रांग, फक्त कोलिस्टिन या औषधापुढे 'एस' (चालतं). डॉक्टर म्हणाले, हे शेवटचं अँटिबायोटिक आहे, किडनीवर परिणाम होऊ शकतो, सही करा. दादा परगावी होता. मी सही केली.

औषध दहा दिवस चाललं. ताप उतरला, व्हेंटिलेटर निघालं, पण क्रिएटिनिन (किडनी थकली की वाढणारा रक्तातला आकडा) १.२ वरून ३.४ वर गेलं. डायलिसिस टळलं एवढंच. आता ते १.७ आहे. त्या दिवसांत एकदा बाबांनी पाटीवर थरथरत्या अक्षरात 'मुंग्या' असं लिहून दाखवलं. आम्हाला वाटलं, त्यांना खाटेवर मुंग्या दिसताहेत, भास होताहेत. नर्सने चादर झटकून दाखवली.

आता बाबा घरी आहेत, जेवतात, पेपर वाचतात. प्रोस्टेटमुळे लघवीची नळी मात्र अजून आहे. मागच्या आठवड्यात लघवी गढूळ दिसली म्हणून कल्चर केलं. 'क्लेब्सिएला' नावाचा जिवाणू, एक लाखाहून जास्त. पुन्हा सगळं 'आर', कोलिस्टिनपुढे 'आय' (मधलं, खात्री नाही). ताप नाही, दुखत नाही. हॉस्पिटलातून घरी येताना प्रत्येकी १० लाख युनिटच्या सहा बाटल्या उरल्या होत्या, त्या फ्रिजच्या दारात आहेत. दादा म्हणतो, नर्सला घरी बोलावू, इंजेक्शनं देऊ, एकदाचं संपवून टाकू. तो असंही म्हणतो की एवढं जालीम औषध होतं तर पहिल्याच दिवशी का दिलं नाही? आत्याचे यजमान म्हणतात, त्या औषधानेच किडनी घालवली. मी सही करून चूक केली का? आणि आता नाही म्हटलं आणि काही झालं तर? माझी दोन वर्षांची मुलगी त्यांच्या मांडीवर बसते, तिला बसू द्यावं का?

एक मुलगी


उत्तर

नमस्कार ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. त्या दिवशी तुम्ही सही केलीत ती बरोबर होती. आणि आज फ्रिजमधल्या बाटल्या उघडायच्या नाहीत. औषध तेच आणि माणूसही तोच, तरी दोन्ही उत्तरं उलटी कशी, ते उलगडून सांगते. मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं हॉस्पिटलात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. वॉर्डात फिरून कुणाला कोणतं औषध किती जातंय, ते त्याच्या किडनीला झेपणारं आहे का, हे तपासणं माझं काम. बाबांना मी पाहिलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच राहील. पण त्यांच्यासमोर बसून काय विचारायचं, हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

आधी दादांचा प्रश्न घेते, कारण तो जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. वॉर्डात आपण सर्रास म्हणतो, "हायर अँटिबायोटिक चालू केलंय." हा 'हायर' शब्द सगळा घोळ करतो. ऐकणाऱ्याला वाटतं की एक जिना आहे, वरच्या पायरीवर सगळ्यांत जालीम औषध ठेवलंय आणि डॉक्टर उगाच खालून एकेक पायरी चढताहेत. कोलिस्टिन तसं नाही. जो जिवाणू साध्या औषधांना दाद देतो, त्याच्यावर ती साधी औषधंच कोलिस्टिनपेक्षा चांगलं काम करतात. कोलिस्टिनला शेवटचं म्हणतात ते बाकीची निकामी ठरल्यावर तेवढंच हाताशी उरतं म्हणून.

खरं तर ते माळ्यावर टाकून दिलेलं औषध आहे. जपानमध्ये १९५०च्या सुमारास मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालं. काही वर्षं वापरलं गेलं, मग किडनी आणि नसांवरचे दुष्परिणाम डोळ्यांत भरायला लागले. तोवर जेंटामायसिनसारखी सोयीची औषधं आली आणि १९७०-८०च्या दशकांत कोलिस्टिन बहुतेक ठिकाणी मागे पडलं. पुढे आयसीयूत असिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास, क्लेब्सिएला हे जिवाणू कार्बापेनेम या प्रभावी अँटिबायोटिकांच्या गटालाही जुमानेनासे झाले, तेव्हा माळ्यावर चढून, धूळ झटकून ते खाली काढावं लागलं. म्हणून त्याचा डोस किती, रक्तात ते किती वेळ टिकतं, या गोष्टींचा नीट अभ्यास व्हायला गेली वीस-पंचवीस वर्षं लागली. नवीन औषध बाजारात येताना जी छाननी होते ती याच्या वाट्याला तेव्हा आलीच नव्हती.

ते काम कसं करतं हे कळलं की धोकाही कळतो. या जिवाणूंना बाहेरून एक जादा पडदा असतो. त्यावर ऋण विद्युतभार असतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या टाक्यांनी तो शिवल्यासारखा घट्ट बसलेला असतो. कोलिस्टिनचा रेणू धन भाराचा. तो जाऊन चिकटतो, ते टाके उसवतो आणि पुढे साबणासारखा त्या पडद्यात घुसतो. पडदा विरतो, आतलं बाहेर गळतं, जिवाणू मरतो. ज्या जिवाणूंना हा बाहेरचा पडदाच नसतो, उदाहरणार्थ गळवात सापडणारा स्टॅफिलोकोकस, त्यांना कोलिस्टिन काही करत नाही. प्रोटियस आणि सेराशियासारखे काही तर पडदा असूनही जन्मतःच त्याला दाद देत नाहीत. तेव्हा पहिल्या दिवशी, कोणता जिवाणू आहे हे माहीत नसताना ते दिलं असतं, तर बाबांना किडनीचा त्रास पहिल्या दिवसापासून झाला असता आणि फायदा होईलच याची खात्री नसती. दादांना हे एवढं वाचून दाखवा.

आता आत्याच्या यजमानांचं म्हणणं. ते खोटं नाही, अर्धं आहे. किडनी रक्त गाळते आणि गाळलेल्यातलं कामाचं ते पुन्हा आत ओढून घेते. कोलिस्टिनचा रेणू ती अशाच कामाच्या वस्तूंबरोबर आत ओढते, आणि तो तिथल्या बारीक नळ्यांच्या पेशींत साठत जातो. मग जिवाणूच्या पडद्याचं जे होतं तेच थोड्याफार प्रमाणात त्या पेशींचं होतं. आयसीयूतल्या रुग्णांत पाचांतल्या एकापासून ते निम्म्यांपर्यंत किडनीला इजा झाल्याचे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांत आहेत. वय जास्त, मधुमेह, आधीच थकलेली किडनी, बीपी पडलेलं, सोबत किडनीवर जाणारं दुसरं औषध, आणि दिवस जितके जास्त तितका धोका वाढतो. बाबांच्या बाबतीत यातल्या बऱ्याच गोष्टी होत्या. पण त्याच किडनीवर आणखी एक घाव पडत होता, तो त्या जंतुसंसर्गाचा. १०३ ताप, बीपी औषधांवर, म्हणजे किडनीला रक्तच पुरेसं पोचत नव्हतं. ३.४ पैकी किती औषधाचं आणि किती आजाराचं, हे आज कुणीही वेगळं काढून दाखवू शकत नाही. दिलासा एवढाच की कोलिस्टिनची इजा बहुतेकांत काही आठवड्यांत-महिन्यांत बरीचशी भरून येते, आणि तुमचा १.७ चा आकडा त्याच वाटेवर दिसतो.

त्या सहीचं मोजमाप करायचं तर दुसरी बाजूही बघा. २०१८ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जिवाणूंचा गंभीर संसर्ग झालेले ४०६ रुग्ण, त्यांतल्या बहुतेकांमध्ये हाच असिनेटोबॅक्टर. काहींना नुसतं कोलिस्टिन, काहींना त्याच्या जोडीला मेरोपेनेम, म्हणजे कार्बापेनेम गटातलंच एक औषध. जोडीने काही फारसा फरक पडला नाही, आणि दोन्ही गटांत २८ दिवसांत शंभरातले चाळीसहून जास्त रुग्ण गेले. हे औषध मिळूनसुद्धा. मी हा आकडा घाबरवायला सांगत नाही. तुमच्या हातात पेन होतं तेव्हा समोर नेमकं काय उभं होतं, ते कळावं म्हणून सांगते. क्रिएटिनिन चढलं तर त्यावर इलाज चालू ठेवता येतो, प्रसंगी डायलिसिसने वेळ काढता येतो. रक्तदाब कोसळत असताना अशी सवलत मिळत नाही. आज बाबा पेपर वाचताहेत.

किडनीला झालेली इजा टाळता आली असती का, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण मनात असणार. कधीकधी टाळता येते, आणि तिथे आमच्यासारख्यांची जबाबदारी येते. मागे मी ज्या हॉस्पिटलात होते तिथे एक रुग्ण दुसरीकडून हलवून आणला होता. सोबतच्या कागदावर लिहिलेलं, 'कोलिस्टिन ३६०, दिवसातून दोनदा'. नुसतं ३६०. आता गंमत अशी की (गंमत कसली) हे औषध जगात तीन भाषांत मोजलं जातं. बाटलीत असतं ते कोलिस्टिन नसतंच; असतं कोलिस्टिमिथेट, जे स्वतः निष्क्रिय आहे आणि शरीरात गेल्यावर हळूहळू कोलिस्टिन बनतं. त्याच्या १० लाख युनिटांचं वजन होतं सुमारे ८० मिलिग्रॅम, आणि त्यातल्या सक्रिय कोलिस्टिनचा हिशोब लावला तर सुमारे ३३ मिलिग्रॅम. तेव्हा ३६० म्हणजे पावडरचं वजन असेल तर ४५ लाख युनिट, नेहमीचा डोस. आणि तेच ३६० सक्रिय औषधाचं समजलं तर एका वेळेला एक कोटीच्या पुढे. रात्रपाळीला नवीन मुलगा होता. त्याने दुसऱ्या पद्धतीने हिशोब केला आणि ट्रेमध्ये अकरा बाटल्या काढून ठेवल्या. मी सहीसाठी गेले तेव्हा बाटल्यांची ती लांबडी रांग पाहूनच थबकले. एका डोसला एवढ्या बाटल्या मी कधी फोडलेल्या पाहिल्या नव्हत्या. फोन करून विचारलं, ४५ लाखच होते. त्या रात्रीनंतर आमच्याकडे कोलिस्टिन फक्त 'लाख युनिट' या शब्दांतच लिहायचं, असा नियम झाला. मुलाचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

डोस कमी देऊन किडनी वाचवायची, असा मोहही होतो. तोही अंगाशी येतो. कोलिस्टिमिथेटचं कोलिस्टिन इतक्या सावकाश होतं की पहिला डोस मोठा दिला नाही, तर रक्तात पुरेशी पातळी यायला दोन-तीन दिवस लागतात. अत्यवस्थ माणसाजवळ तेवढे दिवस नसतात. म्हणून गंभीर रुग्णाला पहिला डोस ९० लाख युनिटांचा, आणि मग किडनीच्या तब्येतीप्रमाणे पुढचे. सुरू करायचं तर पुरेपूर, रोज क्रिएटिनिन आणि लघवीचं माप बघत, आणि गरज संपली की त्याच दिवशी बंद.

आता आजचा प्रश्न, खरा महत्त्वाचा. तो रिपोर्ट जरा बाजूला ठेवा आणि बाबांकडे बघा. ताप नाही, थंडी नाही, बरगडीखाली-कमरेत दुखत नाही, भूक आहे. म्हणजे जिवाणू आहे, पण आजार नाही. लघवीची नळी ठेवलेल्या माणसांत रोज शंभरांतल्या तीन ते सात जणांच्या लघवीत नव्याने जिवाणू शिरतात. महिना उलटला की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत सापडतात. नळीच्या आतून ते एक चिकट थर करतात आणि त्यात बिऱ्हाड थाटतात. त्या थरात औषध नीट शिरत नाही. कितीही इंजेक्शनं दिली तरी नळी आहे तोवर हे बिऱ्हाड पुन्हा भरणार, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा निगरगट्ट जिवाणूंनी. 'एकदाचं संपवून टाकू' हे दादांचं म्हणणं म्हणूनच जमणारं नाही. त्यांची तळमळ मला समजते. बाप मरणाच्या दारात असताना ते परगावी होते, आता त्यांना काहीतरी करायचं आहे.

गढूळ लघवी, वास, रिपोर्टमधल्या पू-पेशी, 'एक लाखाहून जास्त' हा आकडा, यांतलं काहीही नळी असलेल्या माणसात एकट्याने उपचाराचं कारण ठरत नाही. लक्षणं नसताना लघवीतल्या जिवाणूंवर उपचार करायचे प्रसंग थोडेच असतात: गरोदरपण, किंवा मूत्रमार्गातून करायची अशी शस्त्रक्रिया जिच्यात आतलं अस्तर खरवडलं जाऊन रक्त येणार आहे. हा दुसरा मुद्दा तुमच्या कामाचा आहे. प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरत असेल तर हा रिपोर्ट सर्जनच्या हातात आधीच द्या. तेव्हा बाबांना त्या वेळेपुरतं, मोजकं औषध लागेल, आणि कोणतं ते तेव्हाच्या ताज्या कल्चरवरून ठरेल.

लक्ष मात्र ठेवायचं. हुडहुडी भरून ताप, कमरेत किंवा ओटीपोटात नवीन दुखणं, बीपी घसरणं, खूप सुस्ती, नळी चालू असूनही लघवी थांबणं किंवा लालभडक होणं, यांतलं काही झालं तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. तिथे गेल्यावर जुनी नळी काढून नवीन घालायला सांगा आणि नमुना नव्या नळीतून घ्यायला सांगा. पिशवीत साठलेल्या लघवीचा किंवा जुन्या नळीतल्या लघवीचा रिपोर्ट हा बऱ्याचदा नळीच्या आतल्या त्या थराचा रिपोर्ट असतो. मागच्या आठवड्यातला नमुना कुठून घेतला होता, विचारून बघा. मला शंका आहे.

त्या रिपोर्टवरच्या 'आय'चं तुम्ही फार मनावर घेतलेलं दिसतं. आधी 'एस' होतं, आता 'आय', म्हणजे शेवटचा दरवाजाही अर्धा बंद झाला, असं वाटणं साहजिक आहे. पण आधीचा जिवाणू वेगळा होता, आणि प्रयोगशाळाही वेगळी असावी. २०२० साली जगभर वापरल्या जाणाऱ्या एका मोठ्या मानकसंस्थेने कोलिस्टिनपुढचा 'एस' काढूनच टाकला. त्या नियमाने चालणारी प्रयोगशाळा आता फक्त 'आय' किंवा 'आर' छापते. कारण औषध योग्य मात्रेत दिलं तरी रक्तात, आणि त्याहून फुप्फुसात, ते पुरेसं पोचेल याचा भरवसा देता येत नाही. शिवाय ही तपासणीही नाजूक आहे. नेहमीच्या पद्धतीत जेलीवर औषधाची चकती ठेवतात. कोलिस्टिनचा रेणू एवढा मोठा की तो जेलीत नीट पसरतच नाही, त्यामुळे ती चकती फसवते. द्रवात औषधाच्या चढत्या मात्रा ठेवून जिवाणू कुठे वाढायचा थांबतो ते बघणं, हीच भरवशाची पद्धत. पुढे कधी खरंच उपचाराची वेळ आली, तर ही तपासणी कोणत्या पद्धतीने केली हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. दुसराही विचारा: कोलिस्टिनखेरीज काय काय तपासलं? सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम, सेफिडेरोकॉल अशी नवी औषधं आली आहेत, आणि नुसत्या मूत्राशयाच्या संसर्गासाठी फॉस्फोमायसिनसारखी जुनीही आहेत. साध्या रिपोर्टवर ती छापलेलीच नसतात. जिथे ही औषधं मिळतात तिथे क्लेब्सिएलासाठी कोलिस्टिनचा नंबर आता बराच मागे गेला आहे.

बाटल्यांचा हिशोब करू. सहा बाटल्या, प्रत्येकी १० लाख, एकूण ६० लाख युनिट. बाबांची किडनी लक्षात घेऊन डोस खाली आणला तरी ही सगळी पुंजी जेमतेम एका दिवसाची. एक दिवस औषध देऊन थांबणं म्हणजे क्लेब्सिएलाला सराव देणं. जे जिवाणू त्यातून तगतील त्यांना कोलिस्टिन ओळखीचं झालेलं असेल. हा नुसता सिद्धान्त नाही. २०१५च्या नोव्हेंबरात चीनमधल्या संशोधकांनी 'एमसीआर-१' नावाचं जनुक जाहीर केलं. ते असलेला जिवाणू आपल्या पडद्यावरचा ऋण भार कमी करून घेतो, की कोलिस्टिनला चिकटायला जागाच उरत नाही. आणि हे जनुक सुट्या वर्तुळाकार तुकड्यावर बसलेलं, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे हातोहात जाणारं. डुकरांमध्ये, मांसात आणि रुग्णांमध्येही सापडलं ते, कारण पशुपालनात हेच औषध जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यातून चारलं जात होतं. चीनने २०१७ मध्ये ते बंद केलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक्सची तीन गटांत वाटणी केली, आणि कोलिस्टिन गेलं 'रिझर्व्ह' गटात. आपल्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या शेजारी ठेवायच्या गटात नव्हे. (लोणच्याचं मी माझ्याच फ्रिजवरून लिहिलं, राग मानू नका.)

त्या बाटल्या हॉस्पिटलच्या फार्मसीत नेऊन द्या आणि नष्ट करायला सांगा. बेसिनमध्ये ओतू नका, कचऱ्यात टाकू नका, आणि कुणा ओळखीच्याला 'लागेल तर असू दे' म्हणून तर मुळीच देऊ नका. घरी नर्स बोलावून, आधीच पाण्यात मिसळून ठेवून वगैरे तर अजिबात नको. पावडर पाण्यात मिसळली की तिचं हळूहळू सक्रिय कोलिस्टिन व्हायला लागतं. २००७ साली अमेरिकेत वाफाऱ्यासाठी आधीच मिसळून ठेवलेलं हे औषध घेतल्यावर एक रुग्ण दगावला आणि तिथल्या औषध प्रशासनाला त्याबद्दल इशारा काढावा लागला.

दादांना काहीतरी करायचं आहे ना, त्यांना हे काम द्या: नळी काढता येईल का, हा प्रश्न घेऊन युरॉलॉजिस्टच्या मागे लागायचं. प्रोस्टेटवर गोळ्या सुरू करून नळी काढून बघता येते का, नसेल तर दिवसातून काही वेळा बारीक नळी घालून लगेच काढायची पद्धत जमेल का, ऑपरेशन लागणार असेल तर कधी. क्लेब्सिएलाचं बिऱ्हाड हलवायचा खरा उपाय तोच. तोवर पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली राहू द्या, खाटेवर उचलून ठेवू नका, जोड वारंवार सोडू नका, आणि विनाकारण लघवीचं कल्चर करू नका. केलं की रिपोर्ट येणार, आणि रिपोर्ट आला की घरात पुन्हा वाद.

किडनीसाठी थोडं. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या बंद, अगदी मलमपट्टीच्या दवाखान्यात दिल्या तरी. स्कॅनसाठी शिरेतून डाय द्यायचा असेल तर आधी १.७ चा आकडा सांगायचा. मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस या किडनीला चालतो का, हे एकदा तपासून घ्या. आणि बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा: कोलिस्टिन दहा दिवस, क्रिएटिनिन ३.४ पर्यंत, असिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला सापडलेले. पुन्हा कधी भरती व्हावं लागलं तर दारातच हे दाखवा. तिथे त्यांना वेगळं ठेवतील, ते शेजारच्या खाटेवरच्या अशक्त रुग्णासाठी असतं, त्यात अपमान नाही.

नातीला मांडीवर बसू द्या. धडधाकट मुलाला हे जिवाणू सहसा आजारी पाडत नाहीत. पिशवी रिकामी करणाऱ्याने हात साबणाने धुवायचे, बाबांनीही धुवायचे, आणि नातीला नळी ओढू द्यायची नाही. (ती ओढणार, दोन वर्षांची आहे. नळी मांडीला पट्टीने नीट चिकटवलेली असू द्या.) ताट-वाटी वेगळी करायचं काही कारण नाही.

राहिल्या त्या मुंग्या. ओठांभोवती, जिभेला, बोटांच्या टोकांना मुंग्या येणं आणि बधिरपणा हा कोलिस्टिनचा नसांवरचा, पुस्तकात पहिल्या काही ओळींत सापडणारा परिणाम आहे. काहींना चक्कर येते, नजर धूसर होते. क्वचित स्नायू इतके ढिले पडतात की श्वासाला त्रास होतो, म्हणून तर आम्ही अशी तक्रार ऐकली की डोस आणि किडनी दोन्ही पुन्हा तपासतो. औषध थांबल्यावर हे सहसा निघून जातं. घशात नळी असताना, हात थरथरत असताना बाबांनी अगदी नेमका शब्द लिहिला होता. वाचणाऱ्यांनी चादर झटकली. आज संध्याकाळी पेपर वाचून झाला की त्यांच्याजवळ बसा आणि सांगा, की त्या मुंग्या खाटेवर नव्हत्या, ओठांना आल्या होत्या, आणि आता आम्हाला कळलं.